वृत्तमाध्यमाचा राजकीय कल कसा तपासावा

वृत्तमाध्यमे राजकीयदृष्ट्या पक्षपाती असतात का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांजवळ तयार असते. ते कशावरून ठरवले असे विचारले, तर मात्र एखादा संताप आणणारा मथळा, चर्चेत कोणाला तरी बोलू न दिल्याचा प्रसंग किंवा कोणी तरी पाठवलेले एखादे कात्रण यापलीकडे पुरावा निघत नाही. मी काही वर्षांपासून बातम्या वाचताना शेजारी वही ठेवतो, आणि त्या वहीने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे: पक्षपात एका बातमीत जवळजवळ कधीच सिद्ध होत नाही; अनेक बातम्या एकमेकींशेजारी मांडल्या की तो दिसू लागतो, किंवा आपण समजत होतो तो नव्हताच हे दिसते. ही मांडणी कशी करायची, ते येथे क्रमाने सांगतो. त्यासाठी पत्रकारितेचे शिक्षण लागत नाही. वही, दीड-दोन महिन्यांचा धीर आणि स्वतःला न आवडणारा निष्कर्षही लिहून ठेवण्याची तयारी एवढे पुरते.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करावा

‘माध्यमे पक्षपाती आहेत का’ हा प्रश्न या रूपात तपासता येत नाही, कारण त्यात कोणते माध्यम, कोणता विषय, कोणता काळ आणि कोणाच्या बाजूने यांपैकी काहीच ठरलेले नाही. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर असे वाक्य लिहावे: ‘अमुक वृत्तपत्राच्या पहिल्या तीन पानांवर, येत्या सात आठवड्यांत, आरोग्यावरील सरकारी खर्चाच्या बातम्यांत सत्ताधारी आणि विरोधक यांना वेगवेगळी वागणूक मिळते का?’ असा प्रश्न अरुंद वाटतो, पण त्याला उत्तर असते. एकाच वृत्तपत्राचा आर्थिक धोरणांबाबतचा कल एका बाजूला आणि सामाजिक प्रश्नांबाबतचा दुसऱ्या बाजूला असू शकतो, म्हणून एका विषयावरचा निष्कर्ष दुसऱ्या विषयाला लावू नये.

पक्षपात म्हणजे नेमके काय मोजायचे, हेही आधीच ठरवावे. अभ्यासक साधारणपणे त्याचे तीन प्रकार मानतात. पहिला निवडीचा, म्हणजे कोणती घटना बातमी होते आणि कोणती होत नाही. दुसरा व्याप्तीचा, म्हणजे कोणाला किती जागा, किती वेळ आणि कोणते स्थान मिळते. तिसरा विधानांचा, म्हणजे बातमीच्या मजकुरात कोणाविषयी अनुकूल किंवा प्रतिकूल सूर उमटतो. डेव्ह डी’अलेसिओ आणि माइक ॲलन यांनी याच तीन प्रकारांच्या आधारे, १९४८ पासूनच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांच्या वार्तांकनावर झालेले ५९ अभ्यास एकत्र करून २००० साली त्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांच्या बाबतीत त्यांना एकूणात कोणत्याही बाजूला कल आढळला नाही. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत अगदी थोडा, फारसे महत्त्व देऊ नये इतकाच आढळला. अनेकांना हा निष्कर्ष धक्कादायक वाटतो. पण तो सरासरीविषयी आहे, हे लक्षात घ्यावे. दोन वृत्तपत्रे दोन विरुद्ध दिशांना झुकलेली असली, तरी त्यांची सरासरी शून्याजवळ येते, आणि वाचक मात्र त्यांपैकी एकच वाचत असतो. म्हणूनच तपासणी एकेका माध्यमाची करावी लागते.

दुसरी पायरी: स्वतःची नजर तपासावी

ही पायरी लोक गाळतात, आणि तिच्याशिवाय पुढचे सगळे काम वाया जाते, म्हणून मी तिच्यावर जास्त शब्द खर्च करणार आहे.

१९८२ साली बैरुतमध्ये साब्रा आणि शतिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांत हत्याकांड झाले. त्याविषयीच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्यांचे तुकडे रॉबर्ट वॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दाखवले. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्याच बातम्या इस्रायलधार्जिण्या वाटल्या. दोन्ही गटांना असेही वाटले की, एखादा तटस्थ माणूस हे पाहील तर तो आपल्याच बाजूच्या विरोधात जाईल. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की विषयाची माहिती अधिक असलेल्यांना पक्षपात कमी नव्हे, तर अधिक जाणवला. ‘मला या विषयातले कळते, म्हणून मला पक्षपात ओळखता येतो’ हा युक्तिवाद त्यामुळे जपूनच करावा.

यावर उपाय आहेत, आणि ते यांत्रिक आहेत. स्वतःला ‘तटस्थ हो’ असे बजावून काही साधत नाही. तपासणी सुरू करण्यापूर्वी आपला राजकीय कल आणि आपल्याला अपेक्षित असलेला निष्कर्ष तारीख घालून लिहून ठेवावा. बातम्यांचा मजकूर घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाकडून तरी माध्यमाचे नाव, बातमीदाराचे नाव आणि बोधचिन्ह झाकून घ्यावा आणि त्यावर आपला शेरा लिहून झाल्यावरच नाव उघडावे. तिसरा उपाय सर्वांत चांगला: आपल्यापेक्षा वेगळ्या राजकीय मताच्या व्यक्तीला बरोबर घ्यावे, दोघांनी त्याच बातम्यांवर स्वतंत्रपणे शेरे लिहावेत आणि मग वह्या शेजारी ठेवाव्यात. जेथे दोघांचे शेरे जुळतात, तेवढेच निष्कर्षात धरावे. जेथे जुळत नाहीत, तेथे फरक बातमीत आहे की वाचणाऱ्यात, हे आपल्याला अजून कळलेले नाही असे समजावे.

मी पहिल्यांदा अशी वही केली, तेव्हा एका वाहिनीच्या चाळीस बातम्यांपैकी अठरा बातम्यांपुढे ‘एकतर्फी’ असे लिहिले होते. महिन्याभराने त्याच बातम्यांचा मजकूर टंकून, नावे झाकून आणि इतर वाहिन्यांच्या मजकुरात मिसळून पुन्हा वाचला, तर त्या अठरांपैकी सातच माझ्या हातून पुन्हा ‘एकतर्फी’ ठरल्या. त्या सात मात्र खरोखरच एकतर्फी होत्या, आणि त्यांतील समान धागा मला त्यानंतरच दिसला: सातही बातम्यांत एका बाजूचे म्हणणे फक्त शेवटच्या ओळीत होते.

तिसरी पायरी: बातमी आणि मत वेगळे काढावे

‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ साली, वृत्तपत्राच्या शताब्दीनिमित्त लिहिलेल्या लेखात, मत मांडायला मोकळीक आहे पण तथ्ये पवित्र आहेत, अशा अर्थाचे वाक्य लिहिले. वृत्तपत्राच्या अग्रलेखाने बाजू घेणे हा दोष नव्हे; ते त्याचे कामच आहे. अग्रलेख, स्तंभ, पाहुण्यांचे लेख आणि प्रायोजित मजकूर तपासणीतून बाजूला काढावेत. अग्रलेखाची बाजू बातमीच्या पानावर उतरते का, हा खरा प्रश्न आहे. वाहिन्यांच्या बाबतीत ही विभागणी अवघड जाते, कारण निवेदकच बातमी सांगता सांगता मत देतो; तेथे प्रत्येक वाक्यापुढे ‘घडले’ किंवा ‘वाटते’ असे लिहीत गेले की, पंधरा मिनिटांत त्या कार्यक्रमात बातमी किती आणि मत किती, ते समोर येते.

येथे एक उपयुक्त युक्ती सांगतो. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस यांसारख्या वृत्तसंस्थांचा एकच मजकूर अनेक माध्यमे घेतात. तोच मजकूर दोन ठिकाणी कसा छापला गेला, ते ताडून पाहावे. वृत्तसंस्थेची बातमी महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर अशा रचनेत लिहिलेली असते, म्हणून जागा कमी पडली की उपसंपादक ती खालून कापतो. खालून कापलेला मजकूर काही सांगत नाही. मधलाच परिच्छेद उडवला असेल, मथळा नव्याने दिला असेल किंवा एखादे विशेषण आत घातले असेल, तर तो त्या माध्यमाचा स्वतःचा निर्णय आहे, आणि तो वहीत नोंदवण्याजोगा आहे.

चौथी पायरी: नमुना ठरवून घ्यावा

आठवणीतून बातम्या निवडू नयेत, कारण आठवणीत राहतात त्या चिडवणाऱ्याच. सलग सात दिवसही घेऊ नयेत, कारण त्या आठवड्यात एखादी मोठी घटना घडली तर सगळी वही तिनेच भरते. आशय-विश्लेषण, म्हणजे मजकुरात काय किती वेळा येते त्याची मोजणी, करणारे अभ्यासक ‘रचित आठवडा’ वापरतात: पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार असे करत सात आठवड्यांतून एक आठवडा तयार करायचा. दिवस आधीच ठरवून टाकायचे आणि त्या दिवशी ठरवलेल्या पानांवरील विषयाशी संबंधित प्रत्येक बातमी, कंटाळवाणी असली तरी, नोंदवायची.

प्रत्येक बातमीसाठी वहीत इतके रकाने पुरतात: तारीख, पान किंवा बातमीपत्रातला क्रम, मथळा, पहिल्या दोन परिच्छेदांत कोणाचे म्हणणे आले, एकूण किती जणांचे आले, त्यांतील निनावी किती, म्हणणे सांगताना वापरलेले क्रियापद, आणि छायाचित्र. एवढ्याच विषयावर दुसऱ्या किमान एका माध्यमाची, शक्य तर वेगळ्या मालकीच्या माध्यमाची, तशीच वही करावी. तुलनेशिवाय आकड्यांना अर्थ नसतो. सत्ताधाऱ्यांना विरोधकांच्या दुप्पट जागा मिळाली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सरकार निर्णय घेते, आदेश काढते, पैसे खर्च करते, म्हणून ते कुठल्याही देशात आणि कुठल्याही पक्षाचे असले तरी बातमीत अधिक येते. दुसऱ्या माध्यमांत हेच प्रमाण दीडपट असेल आणि एका माध्यमात पाचपट, तर मात्र विचारण्यासारखे काही आहे.

पाचवी पायरी: भाषेची शब्दशः तपासणी

मराठी बातमीत कल सर्वांत आधी क्रियापदात सापडतो. एखादा नेता बोलला, तर तो ‘म्हणाला’ हे त्यातल्या त्यात निर्मळ क्रियापद. ‘स्पष्ट केले’ असे लिहिले की, तो सांगतो ते खरे असून गोंधळ इतरांचा होता, असे वाचकाला न सांगता सांगितले जाते. ‘दावा केला’ म्हटले की संशय आला. ‘कबूल केले’ म्हटले की अपराध आला. ‘सारवासारव केली’, ‘आगपाखड केली’, ‘मुक्ताफळे उधळली’ ही तर सरळ मतेच आहेत, फक्त क्रियापदाच्या वेशातली. एका पक्षाचे लोक सतत ‘स्पष्ट करतात’ आणि दुसऱ्याचे सतत ‘दावा करतात’ किंवा ‘आगपाखड करतात’, असे रकान्यात दिसू लागले, तर तो योगायोग समजू नये. मी हा रकाना सगळ्यांत आधी मोजतो, कारण येथे वाद घालायला फारशी जागा उरत नाही. शब्द छापलेला असतो.

त्यानंतर कर्ता पाहावा. एकाच घटनेची ही चार वाक्ये घ्या: ‘पोलिसांनी आंदोलकांवर लाठीमार केला’, ‘आंदोलकांवर लाठीमार झाला’, ‘पोलिसांना जमावावर लाठीमार करावा लागला’, ‘जमाव आक्रमक झाल्याने पोलिसांनी सौम्य बळाचा वापर केला’. पहिल्यात करणारा कोण, ते स्पष्ट आहे. दुसऱ्यात तो नाहीसा झाला. लाठीमार जणू पावसासारखा आपोआप झाला. तिसऱ्यातल्या ‘करावा लागला’ या दोन शब्दांनी कृतीचे समर्थन बातमीदारानेच करून टाकले, आणि ‘आंदोलक’ जाऊन ‘जमाव’ आला. चौथ्यात कारणही आले आणि लाठीचे नावही गेले. चारही वाक्ये तथ्याच्या दृष्टीने चुकीची नसतीलही. म्हणून एकाच वाक्यावरून ठपका ठेवू नये, तर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असताना तेच माध्यम यांपैकी कोणते वाक्य वापरते, हे पाहावे.

मराठीत आणखी एक खूण आहे, जी आदरार्थी रूपे नसलेल्या भाषांतल्या वाचकांना मिळत नाही: आदरार्थी बहुवचन. एका आरोपी नेत्याविषयी ‘ते पोलिसांसमोर हजर झाले’ आणि तशाच आरोपातल्या दुसऱ्याविषयी ‘तो पोलिसांना शरण आला’ असे छापले गेले, तर निकाल न्यायालयाआधीच लागलेला असतो. कोणाचे ‘ते’ कोणत्या दिवसापासून ‘तो’ झाले, याची नोंद करावी. त्याच ओळीत ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे शब्दही तपासावेत, कारण त्यांचे अर्थ वेगळे असून ते अदलाबदल करून वापरता येत नाहीत.

छोट्या शब्दांकडेही लक्ष असू द्यावे. ‘अखेर’ लिहिले की उशीर झाला असे सुचते, ‘चक्क’ लिहिले की निर्लज्जपणा सुचतो, ‘मात्र’ नंतर येणारे वाक्य आधीच्या वाक्यावर मात करते. ‘कथित’ हा शब्द कायदेशीर सावधगिरीचा असू शकतो. ‘तथाकथित’ मध्ये बहुधा हेटाळणीच असते. एखाद्याच्या शब्दांना अवतरणचिन्हे घालणे हे कधी काटेकोरपणाचे, तर कधी अविश्वासाचे लक्षण असते. आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर बातमीत दिले आहे का, ते आवर्जून पाहावे. आरोप करायचा, पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही, असे असले की हे चिन्ह कामाला येते.

धोरणांची नावे हा याच पायरीचा भाग. मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शापिरो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकी संसदेतील २००५ च्या भाषणांतून दोन पक्षांचे लाडके शब्दप्रयोग वेचून काढले आणि वृत्तपत्रांच्या बातम्यांत त्यांतले कोणते किती वेळा येतात, ते मोजले. एकाच कराला एक पक्ष ‘वारसाकर’ या अर्थाचा शब्द वापरत होता आणि दुसरा ‘मृत्युकर’ या अर्थाचा. वाचकालाही हे घरबसल्या करता येते: वादग्रस्त योजनेला दोन्ही बाजू काय म्हणतात, ते लिहावे आणि बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात, अवतरणाबाहेर, कोणता शब्द उचलला ते मोजावे. ‘अनुदान’ की ‘खैरात’, ‘सुधारणा’ की ‘कपात’, यावर बातमीचा अर्धा निकाल ठरतो.

सहावी पायरी: कोणाला बोलू दिले

स्रोत मोजणे सोपे आहे, पण केवळ संख्या मोजून थांबू नये. दोन्ही बाजूंचे तीन-तीन जण असले, तरी एका बाजूचा माजी सचिव आणि दुसऱ्या बाजूचा रस्त्यावरचा चिडलेला माणूस निवडला असेल, तर समतोल केवळ आकड्यांचा आहे. तज्ज्ञाची ओळख कशी करून दिली, तेही लिहावे: एकाला ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ’ आणि दुसऱ्याला ‘अमुक पक्षाच्या जवळचे मानले जाणारे’ असे म्हटले, आणि पहिलाही कोणाच्या तरी जवळचाच असेल, तर फरक लपवला गेला आहे. निनावी स्रोत वाईटच असतात असे नाही; पण ‘सूत्रांनी सांगितले’ या शब्दांनी नेहमी एकाच बाजूला फायदा होत असेल, तर सूत्रे कोणाची आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

उलट बाजूचा धोकाही येथेच सांगितला पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखी जागा म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ या काळातील चार प्रमुख अमेरिकी वृत्तपत्रांतील तापमानवाढीच्या बातम्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक बातम्यांत, मानवी कारणांमुळे तापमान वाढते हे मत आणि ती वाढ नैसर्गिक चढउतारच आहे हे मत, यांना साधारण सारखेच वजन दिलेले आढळले. वैज्ञानिकांमध्ये तसे समसमान मत नव्हतेच. बातमीदाराने समतोल राखला आणि वाचकाची मात्र दिशाभूल झाली. म्हणून मताचा प्रश्न असेल तेथे दोन्ही बाजू मोजाव्यात, आणि मोजता येण्याजोग्या तथ्याचा प्रश्न असेल तेथे बातमीदाराने ते तथ्य स्वतः पडताळले का, हे पाहावे.

आकडे आणि चित्रे यांसाठी फार वेळ लागत नाही. आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तुलनेसाठी कोणते वर्ष घेतले, ‘टक्के’ आणि ‘टक्केबिंदू’ यांत गल्लत आहे का, एवढे पाहावे. ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलेला दर एका बिंदूने वाढला असेही म्हणता येते आणि २५ टक्क्यांनी वाढला असेही. छायाचित्रांत कोण हसताना आणि कोण तोंड वासून ओरडताना दिसतो, याची नोंद ठेवली की सात आठवड्यांत चित्र स्पष्ट होते.

सातवी पायरी: नावे बदलून पाहावे

माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त सांगणारी हीच पायरी आहे. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या बाबतीत घडलेल्या, शक्य तितक्या सारख्या घटनांची जोडी शोधावी: दोघांच्या मंत्र्यांवर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप, दोघांच्या काळात वाढलेली महागाई, दोघांनी फोडलेले दुसऱ्याचे आमदार. मग त्याच माध्यमाच्या जुन्या अंकांतून किंवा संकेतस्थळावरून दोन्ही वेळच्या बातम्या काढाव्यात. समजा, एका सरकारच्या काळात बेरोजगारीचा दर ७.४ वरून ७.१ टक्क्यांवर आला, तेव्हा मथळा होता ‘बेरोजगारीत घट’, आणि दुसऱ्या सरकारच्या काळात तेवढीच घट झाली, तेव्हा मथळा होता ‘बेरोजगारी अजूनही ७ टक्क्यांच्या वरच’. दोन्ही मथळे खरे आहेत. प्रत्येक मथळा एकटा पाहिला तर त्यात खोड काढता येणार नाही. जोडी मात्र बोलते.

रिकार्डो पुग्लिसी आणि जेम्स स्नायडर यांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यांनी ३५ राजकीय घोटाळे आणि सुमारे २०० अमेरिकी वृत्तपत्रे घेतली. निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारांना पाठिंबा देण्याकडे कल असलेली वृत्तपत्रे रिपब्लिकन नेत्यांच्या घोटाळ्यांना तुलनेने अधिक जागा देतात, आणि रिपब्लिकन कल असलेली वृत्तपत्रे उलट करतात, असे त्यांना आढळले. २०११ च्या या अभ्यासातील वृत्तपत्रांनी खोटे छापले, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यांनी कमी-जास्त छापले. मॅक्सवेल मॅकूम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल या गावातील, मत अजून न ठरवलेल्या १०० मतदारांशी बोलून दाखवले होते की, माध्यमे ज्या विषयांना अधिक महत्त्व देतात, तेच विषय मतदारांनाही महत्त्वाचे वाटतात. कमी-जास्त छापण्याचा परिणाम म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.

न छापलेली बातमी शोधण्यासाठी प्राथमिक कागदांकडे जावे: संसदेचे किंवा विधिमंडळाचे कामकाज, न्यायालयांचे निकाल, लेखापरीक्षकांचे अहवाल, निवडणूक यंत्रणेची प्रसिद्धिपत्रके. महिन्यातल्या अशा दहा महत्त्वाच्या नोंदींची यादी करावी आणि त्यांपैकी किती, केव्हा आणि कोणत्या पानावर आल्या, ते पाहावे. पाठपुरावाही येथेच मोजावा. आरोप पहिल्या पानावर आणि निर्दोष सुटका आतल्या पानावर, असे एकाच बाजूच्या लोकांबाबत वारंवार होते का? चूक दुरुस्त केली, तर ती कोठे आणि किती ठळकपणे?

आठवी पायरी: दुसरी कारणे संपवावीत

येथपर्यंत फरक दिसला असला, तरी त्याला राजकीय कल म्हणण्याआधी इतर कारणे तपासावी लागतात. संघर्ष, धक्का, प्रसिद्ध व्यक्ती, जवळची घटना यांना बातमीत नेहमीच प्राधान्य मिळते. एखादा पक्ष अधिक भांडखोर असेल, तर तो अधिक दिसेल. बातमीदार कमी आणि वेळ थोडा असेल, तर ज्याचे प्रसिद्धिपत्रक आधी आणि नीट लिहिलेले येते, त्याचेच म्हणणे वर छापले जाते. माझ्या वहीतल्या अनेक ‘पक्षपाती’ नोंदी शेवटी आळसाच्या किंवा घाईच्या निघाल्या आहेत. त्यांची ओळख अशी, की त्या दोन्ही बाजूंना सारख्याच आढळतात.

पैसा आणि मालकी यांचाही विचार करावा, पण त्यावरून तपासणी सुरू करू नये. गेंट्झकाउ आणि शापिरो यांना असे आढळले की, वृत्तपत्राची भाषा मालकापेक्षा त्याच्या वाचकांच्या कलाशी अधिक जुळते. लोकांना जे वाचायला आवडते, तेच त्यांना मिळते. दुसऱ्या बाजूला, ग्रेगरी मार्टिन आणि जोश मक्रेन यांनी २०१७ साली सिंक्लेअर या अमेरिकी कंपनीने विकत घेतलेल्या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचा अभ्यास केला, तेव्हा मालक बदलल्यावर तेथे स्थानिक राजकारणाच्या जागी राष्ट्रीय राजकारण वाढले आणि कल उजवीकडे सरकला. प्रेक्षक मात्र त्यासाठी वाढले नाहीत, थोडे घटलेच. मला हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. मालकाचा प्रभाव पडतो की नाही, हे त्या मालकावर आणि त्या माध्यमावर अवलंबून असते, म्हणून ‘मालक अमुक आहे, म्हणजे बातमी तमुकच असणार’ हे अनुमान वहीतल्या आकड्यांनी सिद्ध होईपर्यंत बाजूला ठेवावे. मालक बदलण्याआधीची आणि नंतरची वही मिळाली, तर मात्र ती सोन्यासारखी जपावी.

नववी पायरी: निष्कर्ष लिहावा

निष्कर्ष तीन-चार वाक्यांत आणि पहिल्या पानावरच्या प्रश्नाच्याच शब्दांत लिहावा. उदाहरणार्थ: ‘सात दिवसांच्या रचित आठवड्यात या वृत्तपत्राने आरोग्यखर्चावर ३१ बातम्या दिल्या. त्यांपैकी २४ बातम्यांत सत्ताधाऱ्यांचे म्हणणे पहिल्या दोन परिच्छेदांत होते. तुलनेच्या वृत्तपत्रात हे प्रमाण २९ पैकी १६ होते. विरोधकांसाठी ‘दावा केला’ हे क्रियापद १३ वेळा, सत्ताधाऱ्यांसाठी २ वेळा आले. मथळ्यांत आणि छायाचित्रांत ठळक फरक आढळला नाही.’ हे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण निष्कर्षाचा साचा असाच असावा. त्यात ‘विकलेले’, ‘गुलाम’, ‘अजेंडा’ असे शब्द येत असतील, तर ते खोडावेत, कारण हेतू वहीतून दिसत नाही. वहीतून फक्त वागणूक दिसते.

या निष्कर्षाचा उपयोग ते माध्यम बंद करण्यासाठीच करावा, असे नाही. ज्याचा कल माहीत आहे आणि ज्याची तथ्ये तपासल्यावर खरी निघतात, असे माध्यम माझ्या दृष्टीने कामाचे आहे. त्याच्या क्रियापदांना आपण मनातल्या मनात ‘म्हणाले’ करून वाचू शकतो आणि त्याने गाळलेल्या विषयांसाठी दुसरे माध्यम ठरवून ठेवू शकतो. तथ्येच खोटी निघत असतील, तर तो कलाचा प्रश्न राहत नाही, आणि अशा माध्यमावर वेळ घालवू नये. एकतर्फी आढळलेल्या बातम्यांविषयी संपादकांना पत्र लिहायचे असेल, तर त्यात तारीख, पान, छापलेले वाक्य आणि तशाच दुसऱ्या घटनेच्या वेळी छापलेले वाक्य एवढेच द्यावे. अशा पत्रांना मला आजवर तीनदा उत्तर आले आहे, आणि एकदा ‘कबूल केले’ चे ‘सांगितले’ झाले. वही सरकार बदलले, मालक बदलला किंवा संपादक बदलला की पुन्हा करावी. रकाने तेच ठेवावेत, म्हणजे जुन्या पानांशी तुलना करता येते.